अठ्ठावीस दातांचा पगार

मेलनी ऑग्डनची आणि माझी पहिली गाठ पडली तेव्हा आम्हा दोघांच्या मध्ये निदान तीनशे दात होते, आणि ते सगळेच्या सगळे उतारावरून खाली पळत होते.

इंग्लंडातल्या ओल्डम गावचा आमचा रस्ता असा आहे की त्यावर मांजर ठेवलं तर तेसुद्धा घरंगळेल. त्या शनिवारी शेजारच्या रिकाम्या घरापुढे सामानाची गाडी थांबली, मागचं दार उघडलं, एक पुठ्ठ्याचं खोकं तळातून फाटलं आणि रस्त्यावर कवळ्यांचा पूर आला. वरच्या कवळ्या, खालच्या कवळ्या, जोडीने निघालेल्या, वाटेत काडीमोड घेतलेल्या, शिवाय अजून कवळीत न बसलेले सुटे दात. टणाटण उड्या मारत, हसत हसत सगळ्या कोपऱ्यावरच्या पबकडे निघाल्या. पबच्या दारात एक म्हातारा सिगरेट ओढत उभा होता. त्याने पायाशी येऊन थांबलेली कवळी पाहिली, तोंडात बोट घालून स्वतःची जागेवर आहे ना ते चाचपलं, आणि त्या क्षणी त्याने जन्माची दारू सोडली, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलो आहे. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तिथेच होता, पण तो तपशील मी गाळतो.

मी बागेतली बादली घेऊन धावलो. मागून तांबड्या केसांची एक दणकट मुलगी धावत आली. पबपाशी आम्ही दोघे धापा टाकत थांबलो. मी भरलेली बादली पुढे केली. आभाराऐवजी तिने माझ्या उघड्या तोंडात डोकावून पाहिलं.

"वरची डावी दाढ कुणी बसवली तुझी?"

मी म्हटलं, होता एक डॉक्टर.

"त्याचं तुझ्याशी काही वैर होतं का?"

ही मेलनी. कवळ्या करणारी. गावातल्या कार्पेटच्या दुकानावर वरच्या मजल्यावर हॉवर्ड नावाच्या गृहस्थाची लॅब होती. दातांचे डॉक्टर पेशंटच्या जबड्याचे ठसे तिथे पाठवायचे आणि मेलनी त्यावरून मेणात एकेक दात रोवून कवळी उभी करायची. सोळाव्या वर्षी ती तिथे झाडलोट करायला लागली. पुढे हॉवर्डने शिकवलं, तिने परीक्षा दिल्या, नोंदणी मिळवली. खोक्यातल्या त्या कवळ्या तिच्या शिकतानाच्या होत्या. लोक जुनी प्रेमपत्रं जपतात, तशा तिने त्या जपल्या होत्या.

तिची एक खोड होती. कवळी एकसारखी, पांढरीशुभ्र करणं तिला पाप वाटे. ती पेशंटकडून त्यांचे तरुणपणीचे फोटो मागवायची. समोरचा दात जरा तिरका असेल तर तसाच तिरका लावायची. चहाबाज माणसाला चहाचा पिवळेपणा, पाइप ओढणाऱ्याला त्याची ती खाच. "तोंडात परक्याचे दात घालून माणसाने बायकोसमोर कसं बसायचं?" असं ती म्हणे. आमच्या भागातली निम्मी म्हातारी माणसं तिच्या हातचं हसायची. एकदा आम्ही शेजारच्या एका आजोबांच्या अंत्ययात्रेला गेलो होतो. पेटी उघडी होती. सगळे डोळे पुसत होते आणि ही माझ्या कानाशी लागून म्हणाली, "बघ ना विक, खालची कवळी किती छान बसलीय. हलली नाही कुठे."

विक म्हणजे मी. विद्याधर एवढं मोठं नाव उच्चारायला इथल्या लोकांना सुट्टी काढावी लागली असती. माझ्या बायकोचं शैला मात्र त्यांना फार सोपं गेलं. शीला नावाच्या त्यांच्याकडे पुष्कळ मावश्या होत्या, त्यात आणखी एक.

मेलनीचा नवरा क्रेग बसच्या डेपोत मेकॅनिक. उंच, सावकाश, कुठलंही वाक्य 'म्हणजे' ने सुरू करून मध्येच सोडून देणारा. त्याची आई ग्लेनिस आमच्यापासून चालत दहा मिनिटांवर राहायची. ती शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेली. नवरा जाऊन काही वर्षं झाली होती. तिच्या समोरच्या दोन दातांत लहानपणापासून फट होती आणि त्या फटीवर तिचा रॉन भाळला होता. कवळी लावायची पाळी आली तेव्हा मेलनीने सासूच्या लग्नाचा फोटो भिंग लावून पाहिला आणि बरोबर तेवढीच फट ठेवली. कवळी घालून ग्लेनिस आरशात हसली आणि मग आत जाऊन बराच वेळ बाहेर आली नाही. सासू-सुनेत प्रेमाची बोलणी म्हणून जी काही झाली ती एवढीच, आणि त्यातही कुणी काही बोललं नव्हतं.

मग टिली झाली.

टिलीच्या पहिल्या वर्षाचं वर्णन मी करत नाही. भिंतीपलीकडे ती रडायची आणि अलीकडे आम्ही जागायचो, म्हणजे तसं पाहिलं तर आम्हीही तिला थोडं वाढवलंच. मेलनी बाळंतपणाच्या रजेवर होती. सुरुवातीला ती खुशीत होती. सहा महिने झाल्यावर तिचे हात शिवशिवायला लागले. मेणबत्ती पेटवली की खाली वितळलेलं मेण बोटाने वळवून ती त्याची दाढ करायची. टिलीला पहिला दात आला तेव्हा बाकीच्या आया करतात तसा फोटो तिने काढला नाही. तिने त्याचा ठसा घेतला. "आत्ताच कळतंय, उजवीकडे वळणार हा," ती मला म्हणाली, अशा अभिमानाने की जणू पोरीला शिष्यवृत्ती मिळाली.

रजा संपत आली तसा हॉवर्डचा फोन आला. परत यायचं की नाही ते अमुक शुक्रवारपर्यंत सांग, घाई काही नाही, तुझ्या मनाला येईल तसं कर. हॉवर्ड सद्‌गृहस्थ होता. तो माणसावर दडपण येऊ नये म्हणून दार ठोठावतानासुद्धा बोटांनी ठोठावायचा नाही, नुसता खाकरायचा.

मेलनीला परत जायचंच होतं. प्रश्न टिलीला कुठे ठेवायचं हा. रस्त्याच्या टोकाला एक पाळणाघर आहे, दारावर पिवळं बदक रंगवलेलं. चांगलं आहे, स्वच्छ आहे, त्यांचा पसारा आणि पगार बघता ते लुबाडतात असंही कुणी म्हणणार नाही. फक्त त्यांच्या फीचा आकडा पहिल्यांदा ऐकताना माणसाने बसलेलं असावं. सरकारकडून फुकट तास मिळतात, पण ते मूल तीन वर्षांचं झाल्यावर. तोवर मुलाने काय करायचं ते सरकारने मुलावर सोडलं आहे.

एका रविवारी मेलनीने आम्हाला हिशेब बघायला बोलावलं. हो, बघायला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिने तिच्या पेटीतले सुटे दात काढून ठेवले होते. तिला आकडे कागदावर दिसत नसत, दातांत दिसत.

"एक दात म्हणजे दहा पौंड," ती म्हणाली. "माझा आठवड्याचा हातात येणारा पगार म्हणजे हे बघ, अठ्ठावीस. पूर्ण कवळी."

तिने टेबलावर सवयीने दोन कमानी मांडल्या, वरचा जबडा आणि खालचा जबडा. टेबल आमच्याकडे बघून हसायला लागलं.

"आता पाळणाघर." तिने वरचा जबडा पूर्ण उचलला आणि खालच्या चारही दाढा काढल्या. "मी कामाला लागले की आत्ता एकट्या क्रेगच्या पगारावर सरकारकडून जे मिळतं ते बंद." दाढांच्या पुढचे चार गेले. "ट्राम." दोन्ही सुळे गेले. "नोंदणीची फी, विमा, आणि टिली आजारी पडली की पाळणाघर फी घेणारच आणि माझी रजा बिनपगारी." आणखी दोन.

टेबलावर समोरचे दोन दात उरले.

क्रेगने खुर्ची पुढे ओढून त्यांच्याकडे बघितलं. "म्हणजे," तो म्हणाला, "एवढ्यावर ससा जगतो."

आम्ही सगळे हसलो. मेलनी सगळ्यात जास्त हसली आणि हसता हसता ते दोन दात मुठीत घेऊन बसली. शैला एकटी हसली नव्हती. तिने टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडे, जिथे काहीच नव्हतं तिकडे, बोट दाखवलं.

"क्रेगचे दात कुठे मांडलेत?"

कुणाला काही कळेना.

"पोरगी दोघांची आहे ना? मग पाळणाघर एकटीच्याच तोंडातून का उपटताय?"

क्रेगने प्रामाणिकपणे विचार केला. तो वाईट माणूस नव्हता, त्याला ते खरोखरच सुचलं नव्हतं. मेलनीलाही सुचलं नव्हतं. मग मेलनीच म्हणाली की शीला, तुझं खरं आहे गं, पण कुणाच्याही तोंडातून काढले तरी घरात उरणार दोनच. यावर शैलाकडे उत्तर नव्हतं, आणि शैलाकडे उत्तर नसणं हा आमच्या घरात सण असतो. त्या दिवशी मात्र साजरा करावासा वाटला नाही.

आता तुम्ही म्हणाल, आजी आहे ना. दहा मिनिटांवर राहते, धडधाकट आहे, आयुष्यभर शंभर-शंभर पोरांना जेवू घातलंय. आठवड्यातले तीन दिवस तिने टिलीला सांभाळलं तर जवळजवळ अख्खा वरचा जबडा परत येतो. हे आम्हाला दिसत होतं, पोस्टमनला दिसत होतं, मला वाटतं दारावरच्या त्या बदकालाही दिसत होतं. मी क्रेगला तसं म्हटलं.

"विचारता येत नाही," तो म्हणाला.

का बाबा?

"म्हणजे, विचारलं तर ती हो म्हणेल ना."

मग चांगलंच झालं की.

"तसं नाही, विक. तिला नको असलं तरी हो म्हणेल. मग तिला नको होतं का हवं होतं हे आम्हाला कधी कळणारच नाही. म्हणून विचारता येत नाही. तिचं तिने म्हटलं तर गोष्ट वेगळी."

मी या देशात पंचवीसएक वर्षं राहत होतो, त्यामुळे हे मला पटलं. याचीच मला पुढे भीती वाटली.

मेलनीचंही तेच. सासूबाईंनी आपणहून म्हटलं तर, नाहीतर नाही. त्यांनी किती राबायचं? आणि ग्लेनिस? ती बाजारात शैलाला भेटायची, हातातली पिशवी खाली ठेवायची आणि म्हणायची, "आपण मध्ये पडू नये, बाळा. तरुणांचं त्यांचं ठरलेलं असतं. मी म्हणाले आणि त्यांना नको असलं तर बिचाऱ्यांना नाही म्हणता यायचं नाही. हवं असेल तर विचारतील की." तिने घरात एक खोली रंगवून घेतली होती. कशाला, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, पण रंग फिका पिवळा होता आणि खिडकीला नवीन जाळी होती.

शैलाने मेलनीला सांगितलं की मी बोलते त्यांच्याशी. मेलनीने तिचे दोन्ही हात धरले. "नको, शीला, शपथ आहे. त्या कोंडीत सापडतील." ग्लेनिसनेही, त्यांना काही बोलू नकोस म्हणून, वेगळी शपथ घातली. दोन्हीकडच्या शपथा घेऊन आम्ही नवरा-बायको मध्ये बसलो, तोंडात गुळणी धरून.

टिलीचा पहिला वाढदिवस त्या शुक्रवारच्या आदल्या रविवारी आला. चहा, सँडविच, क्रेगने स्वतः केलेला केक, जो बसच्या एखाद्या सुट्या भागासारखा दिसत होता आणि बहुधा तितकाच टिकला असता. ग्लेनिसने फडक्यात बांधून उकडलेलं खिम्याचं पुडिंग आणलं होतं. टिली तिच्या मांडीवर बसून तिच्या तोंडात बोट घालून दातांची ती फट शोधत होती.

सगळ्यांचे कप भरले गेले, आणि खोलीत ती शांतता पसरली जिच्यात हे लोक महत्त्वाचं बोलतात. म्हणजे हवेबद्दल बोलतात.

"थंडी लवकर आली यंदा," ग्लेनिस म्हणाली.

"हो ना," मेलनी म्हणाली.

"बदकवालं पाळणाघर चांगलं आहे म्हणतात."

"हो, चांगलं आहे म्हणतात."

"गरम असतं का आत? लहान पोरांना गरम पाहिजे."

"असतं म्हणतात."

ग्लेनिसने टिलीचा मोजा वर ओढला. आधीच वर होता. "नाहीतर मी असतेच म्हणा घरी. पण तुमचं काहीतरी ठरलेलं असेल."

माझ्या तोंडात क्रेगचा केक होता. शैलाने टेबलाखालून माझ्या नडगीवर लाथ मारली, मी जणू हे थांबवू शकत होतो. आमच्याकडे असं कुणी म्हटलं असतं तर समोरच्याने पोर उचलून तिच्या ओटीत टाकलं असतं आणि वर दुपट्याची पिशवी. मेलनीच्या डोळ्यांत क्षणभर पाणी आल्यासारखं मला दिसलं. मग ती शहाण्यासारखी वागली.

"छे, छे, ग्लेनिस. तुम्ही जन्मभर दुसऱ्यांची पोरं बघितलीत. आता तुम्ही आराम करा. तुमच्यावर नाही टाकणार मी हे."

ती थांबली. आता ग्लेनिसने 'मला कसला त्रास' म्हणायचं होतं. एवढंच म्हणायचं होतं. मेलनी कप तोंडाशी तसाच धरून त्याचीच वाट बघत होती.

"हो, ते आहेच," ग्लेनिस म्हणाली, आणि हसली.

कुणाचाही ओठ हलला की आत काय बिघडलंय ते सांगणारी मेलनी त्या हसण्याकडे बघत राहिली. ते हसू तिने स्वतः मेणात बसवलेलं होतं, फटीसकट. तिला ते वाचता आलं नाही. तिला वाटलं, ते सुटकेचं आहे.

"कुणाला केक?" क्रेगने विचारलं.

शुक्रवारी मेलनीने हॉवर्डला नकार कळवला. ट्रामने गावात गेली, कार्पेटच्या दुकानावरचा जिना चढली, स्वतःची हत्यारं गोळा केली. हॉवर्ड म्हणाला की काही हरकत नाही, तू तुझ्या घरासाठी योग्य तेच करतेस. त्याने तिला जिन्यापर्यंत सोडलं आणि चहा घेतेस का असं ती खाली पोचल्यावर विचारलं. ती घरी आली आणि तिने आमचं दार वाजवलं. हातात मेण कोरायच्या सुऱ्या होत्या, फडक्यात गुंडाळलेल्या.

"तो काही बोललाच नाही, विक. सोळा वर्षं काम केलं तिथे. एकदा तरी म्हणेल वाटलं होतं, राहा गं म्हणून. तीन दिवस ये म्हणाला असता, दोन दिवस ये म्हणाला असता." मग तिने नाक पुसलं. "जाऊ दे. त्याला काही अडलेलं नसेल. हल्ली यंत्रावर करतात सगळं."

त्याच्या पुढच्या रविवारी ग्लेनिस चहाला आली ती नवा कोट घालून. बातमी आहे म्हणाली. तिला नोकरी लागली होती. बदकवाल्या पाळणाघरात, स्वयंपाकघरात, आठवड्याचे चार दिवस. सोमवारपासून.

खोलीतलं सगळं थांबलं. टिलीसुद्धा.

"घर खायला उठतं गं," ग्लेनिस मेलनीला सांगत होती, जणू माफी मागत. "म्हटलं टिली तिथे जाणारच आहे. निदान तिच्या ताटात काय पडतं ते तरी बघीन. दुरून. तुमच्यात मध्ये पडायला नको."

"वा," मेलनी म्हणाली. तिचा चेहरा कागदासारखा झाला होता. "छान झालं. टिली नाही जाणार तिथे. मी काम सोडलं. पण छान झालं तुमचं."

"अरे वा," क्रेग म्हणाला. "म्हणजे, अभिनंदन, आई."

यानंतर ते तिघे हवेबद्दल बोलले असते, आणि आज आपण त्यावर पडदा टाकला असता. पण शैलाने कप खाली ठेवला. दोन्ही शपथा तिने एका दमात मोडल्या.

"ग्लेनिस, तुम्हाला टिलीला सांभाळायचं होतं की नाही? सरळ सांगा."

ग्लेनिसने बघितलं शैलाकडे नाही, मेलनीकडे. "मला कुणी विचारलंच नाही, बाळा."

"मी विचारणार होते," मेलनी म्हणाली. "तुम्ही म्हणाल म्हणून थांबले."

"मी म्हणाले की. वाढदिवसाला."

"ते म्हणणं होतं?"

"मग काय होतं ते? मी खोली रंगवलीय."

 मेलनी रडत होती, ग्लेनिस तिच्या पाठीवर अशा थापट्या मारत होती जशा शाळेत एखाद्या पोराच्या घशात घास अडकल्यावर मारत असेल. क्रेगने टिलीला उचलून ग्लेनिसच्या मांडीवर ठेवलं, आणि वर दुपट्याची पिशवी. मी शैलाकडे बघितलं. ती अशी बसली होती जणू तिने एखादं राज्य जिंकून दिलं होतं. ग्लेनिस म्हणाली, उद्या सकाळी पाळणाघराला फोन करून सांगते, बाई जमणार नाही, मला नात आहे. मेलनी म्हणाली, आणि मी हॉवर्डला. दोनच दिवस तर झालेत. त्या संध्याकाळी आम्ही क्रेगचा उरलेला केकही संपवला. आनंदात माणूस काय काय चावू शकतो.

सोमवारी सकाळी मेलनीने आधी फोन केला. मी भिंतीपलीकडे नव्हतो, दारातच होतो, दुधाची बाटली उचलत, आणि तिचं दार उघडं होतं.

हॉवर्डने लॅब बंद केली होती.

शुक्रवारी ती गेली, शनिवारी त्याने सगळी कामं मँचेस्टरच्या एका मोठ्या लॅबला देऊन टाकली, यंत्रं विकायला काढली. वयाप्रमाणे तो दोन वर्षांपूर्वीच निवृत्त व्हायचा होता. थांबला होता तो मेलनी परत येईल म्हणून. पुढे लॅब तिच्याच नावावर करायची, असं त्याच्या मनात होतं.

"मग शुक्रवारी का नाही सांगितलंत?" ती फोनवर विचारत होती. आवाज चढलेला नव्हता. "हॉवर्ड, मी समोर उभी होते. का नाही सांगितलंत?"

पलीकडून तो काय म्हणाला ते तिने मला नंतर सांगितलं. म्हणाला, तान्ह्या पोरीची आई तू, तुझ्यावर दडपण आणणं मला बरं वाटलं नाही.

तिने फोन ठेवला आणि लगेच दुसरा केला, सासूला. पाळणाघराला कळवलंत का अजून? नाही? मग नका कळवू. जा तुम्ही कामावर. नवीन कोट घालून जा.

मँचेस्टरच्या लॅबला तिने विचारून पाहिलं. तिथे संगणकावर जबडा फिरवतात आणि यंत्र दात कापतं. मेणाचं कुणी नको होतं. शिवाय ट्रामने जाऊन-येऊन बदकाच्या दारात सहाच्या आत पोचणं शक्य नव्हतं, आणि सहानंतर बदक मिनिटाला पैसे घेतं. टिली तीन वर्षांची झाली, सरकारचे फुकट तास सुरू झाले, तोवर मेलनीची नोंदणी संपली होती आणि टिलीचा भाऊ झाला होता. क्रेग डेपोतून आला की ती निघते आणि सुपरमार्केटात संध्याकाळच्या पाळीला फळ्या भरते. त्याला पाळणाघर लागत नाही. तिथे ती टूथपेस्टच्या रांगेत असते. सुरुवातीला कुणी गिऱ्हाईक तोंड उघडून तिला काही विचारायचं तेव्हा ती जरा जास्त वेळ बघायची. आता बघत नाही.

ग्लेनिस चार दिवस बदकाकडे रांधते. दुसऱ्यांच्या पंचवीस पोरांची ती नॅन, म्हणजे आजी, झाली आहे. आपल्या दोन नातवंडांना ती रविवारी भेटते. पिवळ्या खोलीत इस्त्रीचं टेबल असतं.

गेल्या वर्षी माझी ती वैराची दाढ अखेर पडली आणि तिच्याबरोबर शेजारचेही गेले. मी मेलनीला विचारायला गेलो होतो. ती म्हणाली की नोंदणी नसताना केलं तर गुन्हा होतो, विक. डॉक्टरने कवळी मँचेस्टरहून मागवली. एकसारखी आहे, पांढरीशुभ्र. घालून मी कुंपणापाशी उभा राहिलो आणि तिला हसून दाखवलं. तिने धुतलेले कपडे वाळत घालता घालता माझ्याकडे बघितलं.

"छान आहे," ती म्हणाली.

कार्पेटवाल्याने वरची खोली भाड्याने घेतली. तिथे आता उरलेले तुकडे ठेवतात.